लाल कार्ड

नागपूर,
10 ऑगस्ट 2024

दिल्या,

शिव्या घालायच्या असतील तर आधी घालून घे, मग वाच. दिवाळीनंतर तुझे तीन फोन येऊन गेले आणि मी एकदाही उलट केला नाही. आईचा गुडघा तसाच, माझी साखर गोळीवर, बाकी ठीक. फोन आत्ताही करता आला असता, पण तू मध्येच खिदळतोस आणि विषय टाळायला मला तेवढं निमित्त पुरतं.

रविवारची ऑलिंपिक हॉकीतली ग्रेट ब्रिटनविरुद्धची मॅच तू पाहिलीच असशील. दुपारी दीडची. बाहेर पाऊस, पुढ्यात सकाळचे उरलेले तर्री पोहे. (ठेला तोच. तर्री बिघडली हे खरं, पण मागच्या खेपेला तू जेवढा कांगावा केलास तेवढी नाही.) सतराव्या मिनिटाला आपल्या अमित रोहिदासची स्टिक त्यांच्या कॅलननच्या तोंडाला लागली. व्हिडिओ अंपायरनं ते पुन्हा पुन्हा पाहिलं आणि लाल कार्ड. चिन्या माझ्या शेजारी बसला होता. एरवी हे पोट्टं अंपायरच्या सात पिढ्या काढतं. त्या दिवशी हळूच विचारलं, "बाबा, यानं मुद्दाम नाही ना मारलं?"

मी म्हटलं, नसेल. आणि मॅच पाहू लागलो. मॅचही तशीच होती ना बे! चाळीस मिनिटांहून जास्त वेळ दहा जणांत खेळले, 1-1 वर रोखलं, शूटआउट 4-2 नं मारला. आपल्या गोलकीपर श्रीजेशसाठी मी असा ओरडलो की आई आतून काठी घेऊन आली.

मंगळवारी रात्री जर्मनी. रोहिदासवर एका मॅचची बंदी, आपलं अपील फेटाळलेलं. आपण 1-0 वर होतो आणि त्यांनी पेनल्टी कॉर्नरवर बरोबरी केली. तेव्हा मला तू आठवलास. कॉर्नरला सगळ्यात आधी सुटून बॉलच्या अंगावर जाणारा आपला माणूस म्हणजे रोहिदास, आणि तोच बाहेर. शेवटी 3-2 नं गेली. बारा वाजून गेले होते. मी टीव्ही बंद केला तरी चिन्या उठेना. मग म्हणाला, "बाबा, शुक्रवारी स्टिक माझी लागली होती."

शाळेची मॅच होती. गोलसमोरच्या डीमध्ये गर्दी, समोरचा पोरगा कोसळला, भुवई फुटली. अंपायरनं वळून पाहिलं तर जवळ उभा यांचा फुलबॅक. त्यालाच बाहेर काढलं. येत्या सोमवारच्या मॅचलाही तो बसणार. तो काही बोलला नाही आणि चिन्याही नाही.

मी काय म्हणालो माहीत आहे? "जाऊ दे, झोप आता."

दिल्या, 1994. व्हीएचएचं, म्हणजे विदर्भ हॉकी असोसिएशनचं ग्राउंड, चिखल, तुझी ती उसनी आणलेली स्टिक, जिच्या टेपवरून आपण आठवडाभर भांडलो होतो. (टेपचे पैसे मी दिले होते. अजूनही म्हणतो.) तुला बाहेर काढलं तेव्हा तू अंपायरशी एक शब्द बोलला नाहीस. शिनगार्ड काढता काढता एकदा माझ्याकडे पाहिलंस, बस. मग त्यांना कॉर्नर मिळाला. तुझ्या जागी मला धावायचं होतं. मी धावलो, पण अर्धाच. बॉल माझ्या गुडघ्याजवळून गेला आणि गोलच्या फळीवर आपटला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. आठवड्यानं जिल्ह्याच्या टीमची नावं लागली. त्यात मी होतो.

त्या पोराला लागलेली स्टिक माझी होती. तुला माहीत आहे हे मला माहीत आहे. तुझ्या लग्नात वरातीमागे तू विचारायला लागलास, तर मी बँडवाल्याला पैसे द्यायला पळालो. आपल्या त्या मॅचला व्हिडिओ रेफरल मागायला कुणी नव्हतं. ज्यानं पाहिलं होतं तो मीच, आणि तीस वर्षं गप्प बसलो.

आता चिन्याला काय सांगू? खरं बोल म्हणायला तोंड तर हवं. बुधवारी मी डबा न घेताच ऑफिसला गेलो. घरी सगळ्यांना वाटलं, कुस्तीत विनेश फोगट शंभर ग्रॅम वजनापायी अपात्र ठरली त्याचं दुःख आहे. तेही होतंच. गुरुवारी स्पेनला 2-1 नं हरवलं, ब्राँझ आलं, रोहिदास परत मैदानात होता, श्रीजेशची शेवटची मॅच. अख्खं घर नाचलं. चिन्या पेढा हातात धरून बसला होता.

काल रात्री त्याला तुझी गोष्ट सांगितली. सगळी, अर्ध्या धावण्यासकट. तो बराच वेळ गप्प. मग विचारतो, "काका अजून बोलतात तुमच्याशी?" म्हटलं, मीच फोन उचलत नाही.

उद्या सकाळी सातला त्याची प्रॅक्टिस आहे. आम्ही दोघं सरांकडे जाणार. तो बोलेल, मी मागे उभा राहीन. नाही बोलला तर काय करायचं, ते मी ठरवलेलं नाही.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींची परीक्षा सुटली का? पिंकीला अकरावीला कुठे घातलं? संत्रा बर्फी पाठवतोय, तुझा नवा पत्ता कळव.

फोन कर, पण सोमवारच्या मॅचनंतर. आणि टेपचा विषय काढू नको.

तुझा,
सुध्या