मंत्रीसाहेब, माझी आई बांगलादेशी कधी झाली तेवढं सांगा

मा. मंत्रीमहोदय,
महाराष्ट्र शासन, मुंबई (सध्या मुक्काम नागपूर, हिवाळी अधिवेशन)

साहेब, नमस्कार. तुम्ही कामात असता, त्यात अधिवेशन, म्हणून थोडक्यातच लिहणार होतो. विषय तुमच्या सरकारनं रद्द केलेल्या उशिराच्या जन्मदाखल्यांचा, जे बांगलादेशी घुसखोरांनी काढले असं म्हणतात.

परवा आमच्या घरी कोतवाल आला, सोबत एक पोलीस शिपाई, आणि माझ्या आईच्या जन्माचा दाखला परत मागितला. ओरिजनल. झेरॉक्स चालत नाही म्हणे. काहून म्हटलं, तर रद्द झाला. कोणी केला, तर वरून झाला. ऑर्डर दाखवा म्हटलं तर ऑर्डर तहसीलमध्ये आहे, तुम्ही आधी दाखला द्या. आई दारातच बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. शिपाई पोरगाच होता, माझ्या मुलाच्या वयाचा, त्यानं तिला विचारलं की तुम्ही लोक मूळचे कुठून आले? आई म्हणे, "वाडेगावहून आली. बंडीत बसून आली, माह्या लग्नात." त्याला वाटलं म्हातारी चेष्टा करते. त्यानं ते लिहून घेतलं नाही.

आता हा दाखला काढला कशासाठी ते सांगतो, कारण तुमच्या लोकांना वाटते आम्ही घुसखोरी करायला काढला. आईच्या आधार कार्डावर जन्मतारीख आहे १ जानेवारी १९६८. आमच्या गावात अर्ध्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस १ जानेवारीलाच येतो, कॅम्पमध्ये ऑपरेटरनं ज्याची तारीख माहीत नाही त्याला ठोकून दिली. माझ्या शाळेच्या दाखल खारीजवर माझा जन्म १९७५ चा आहे. म्हणजे सरकारी हिशेबानं माझी आई सात वर्षांची असताना मी झालो. हे आजपर्यंत एकाही ऑफिसला विचित्र वाटलं नाही. विचित्र कधी वाटलं तर आम्ही ते दुरुस्त करायला गेलो तेव्हा.

श्रावणबाळ योजनेला, म्हणजे म्हाताऱ्यांच्या पेन्शनला, ६५ वय लागते. महिन्याला १५०० रुपये भेटतात, तिच्या बीपीच्या आणि गुडघ्याच्या गोळ्या त्यात निघाल्या असत्या. घरच्या उत्पन्नाची अट २१ हजाराची आहे, ती कापूस पिकवणाऱ्याला खोटं न बोलताही पूर्ण करता येते. पण वय आधारवरून धरतात, आधार दुरुस्त करायला जन्माचा दाखला पाहिजे, आणि आई जन्मली घरात, सुईणीच्या हातावर, शाळेचं तोंड पाहिलं नाही. मग तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल मागितली. तिच्या माहेरच्या गावाचं त्या सालचं बुक निघालं, पण कोपऱ्याकडून उंदरांनी खाल्लेलं, मधली पानं एकमेकांना चिकटलेली, हात लावला की भुगा. रेकॉर्ड कीपरनं 'अभिलेख जीर्ण' असा शेरा मारून कागद हातात दिला. तो शेरा अजून माझ्याजवळ आहे. बुक सरकारचं, कपाट सरकारचं, उंदीर पण सरकारी गोदामात वाढलेले, आणि पुरावा दिला नाही म्हणून गुन्हेगार कोण, तर माझी आई.

मग रीतसर अर्ज केला. प्रतिज्ञापत्र, पेपरात जाहीरनामा, तिच्या लहान भावाचा शाळेचा दाखला (भाऊ १९६० चा, म्हणजे आई त्याच्याही आधीची, हे तरी समजून घ्या), दोन साक्षीदार, त्यातले एक आमचे पोलीस पाटील. तलाठ्यानं चौकशी केली, नायब तहसीलदारानं सही शिक्का दिला, त्यावर दाखला निघाला. २०२४ ची गोष्ट. आम्ही पेढे नाही वाटले पण बरं वाटलं.

आणि आता तुम्ही म्हणता ती सहीच चुकीची.

साहेब, मला कायदा येत नाही पण वाचता येतो, जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकलो आहे. जन्म मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. वर्षापेक्षा जास्त उशीर झालेल्या नोंदीसाठी आधी कोर्टात मॅजिस्ट्रेटकडे जावं लागे, २०२३ च्या ऑगस्टात दुरुस्ती झाली आणि ते काम जिल्हाधिकारी, एसडीओ (उपविभागीय अधिकारी) किंवा जिल्हाधिकाऱ्यानं अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आलं. आता तुम्ही म्हणता की नायब तहसीलदारांना तो अधिकार नव्हता, म्हणून त्यांच्या सहीचे आदेश रद्द. ठीक आहे, नसेल. पण खुर्चीवर त्याला बसवलं कोणी, मी? अर्ज कोणत्या खिडकीवर द्यायचा ते तहसीलनंच सांगितलं ना? माणसानं खिडकीवर उभं राहून आतल्या साहेबाला विचारावं का, की साहेब, तुमचं अधिकारपत्र दाखवा, मगच फी भरतो? ऑफिसची चूक झाली तर ऑफिसनं दुरुस्त करावी, एसडीओनं त्याच फाईलवर नव्यानं सही करावी, संपला विषय. ते सोडून दाखला रद्द, घरी पोलीस, चोर सोडून संन्याशाला फाशी.

रद्द करायच्या आधी एक नोटीस नाही. एक तारीख नाही. कोणी विचारलं नाही की बाई, तुझं काय म्हणणं आहे. मनेका गांधींच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं १९७८ लाच सांगितलं की माणसाचं ऐकून घेतल्याशिवाय त्याच्याविरुद्ध निर्णय करायचा नाही. तिचा सरकारनं जप्त केलेला पासपोर्ट होता, माझ्या आईचा १५०० रुपयाचा गोळ्यांचा खर्च आहे, पण नियम दोघींना एकच असावा असं वाटते. का नाही?

दाखला रद्द झाल्याचं आम्हाला कळलं कुठून, तर व्हॉट्सॲपवरून. तालुक्याच्या एका ग्रुपवर यादी फिरली, वरती लाल अक्षरात बांगलादेशी रोहिंगे, खाली नावं, गावं, वयं. आईचं नाव, माझ्या बापाचं नाव, आमचं गाव. ज्या माणसाला मी दरवर्षी सरकी उधार मागतो त्यानं मला ती फॉरवर्ड केली आणि खाली लिहलं, भाऊ हे तुमचंच आहे का. ऑफिसमधली यादी ग्रुपवर गेली कशी याची चौकशी लागणार आहे का? नाही लागणार, मला माहीत आहे. माझी मुलगी कॉलेजला बसनं जाते, तिला एकानं विचारलं तुझा पासपोर्ट कुठला. ती दोन दिवस गेली नाही. आई आता ओट्यावर बसत नाही, आत बसते. पन्नास वर्षं जिच्या हातचं लोणचं अख्ख्या आळीनं खाल्लं ती बाई आत बसते, साहेब.

आकड्यांचं तर विचारूच नका. अकोला, अमरावती, मालेगाव, नेते येत गेले आणि आकडा फुगत गेला, कधी हजारात, कधी लाखात, बांगलादेशींचा. आणा बरं मोजून. २०११ नंतर या देशात जनगणनाच झाली नाही, २०२१ ची गेली, आता २०२७ ला होणार, म्हणजे आम्ही किती हे सरकारला माहीत नाही पण आमच्यात परदेशी किती हे पत्रकार परिषदेत माहीत आहे. आणि उशिराचे दाखले काय फक्त मुसलमानांनी काढले? पारधी बेड्यावर जा, बंजारा तांड्यावर जा, मेळघाटात कोरकू म्हाताऱ्यांना विचारा जन्मतारीख. दवाखान्यात जन्मायची सोय होती कुठं? ती सोय नव्हती ती कोणाची चूक, जन्माला येणाऱ्याची? त्यांचेही दाखले यात अडकले असतील, पण त्यांच्या दारात पोलीस कुठून आले विचारायला गेला असं माझ्या ऐकण्यात नाही. फरक कशाचा आहे ते तुम्ही सांगा, मी बोललो तर भावना दुखावतात.

इथं लोक मला सल्ला देतात की लिही, आम्ही शेगावच्या पालखीला पाणी पाजतो, सप्त्याला वर्गणी देतो, गणपतीत नाचतो. करतो ना, सगळं करतो. पण ते इथं लिहणार नाही. मी चांगला मुसलमान आहे म्हणून मला नोटीस पाहिजे असं नाही. उद्या गावातला सगळ्यात भांडकुदळ, कोणाला रामराम न करणारा माणूस असला तरी त्याला नोटीस पाहिजे. आणि खरंच कोणी बाहेरून येऊन खोटा कागद केला असेल तर पकडा, त्याच्यासमोर कागद ठेवा, कोर्टात उभा करा, मी साक्षीला येतो. पण एकेकाची फाईल उघडून बघा. गठ्ठ्यानं माणसं रद्द करता येत नाहीत.

पण नियमाचं तुमच्याकडं असं आहे. १३ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, पंधरा दिवसाची नोटीस दिल्याशिवाय कोणाचं घर पाडायचं नाही. निकाल लिहणारे न्यायमूर्ती आमच्या अमरावतीचे, गवई साहेब, पुढं सरन्यायाधीश झाले. आणि चारच महिन्यात, मार्च २०२५ च्या दंगलीनंतर, नागपुरात आरोपीच्या घरावर बुलडोझर. हायकोर्टानं धरलं तेव्हा महापालिका माफी मागून म्हणे की तो आदेश आम्हाला माहीतच नव्हता. अहो माझ्या आईला नायब तहसीलदाराचे अधिकार माहीत असावेत आणि महापालिकेला सुप्रीम कोर्टाचा निकाल माहीत नसला तर चालते! सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टानं अकोल्याच्याच एका केसमध्ये सांगितलं की वर्दी अंगावर चढली की पोलिसानं धर्माचा कल बाजूला ठेवला पाहिजे, हिंदू आणि मुसलमान दोन्ही अधिकारी घेऊन एसआयटी (विशेष तपास पथक) करा. सरकारनं काय केलं, तर त्याच्यावर फेरविचार मागितला.

आमच्या तहसीलच्या ऑफिसात साहेबाच्या टेबलामागं देवांचे पाच सहा फोटो आहेत, संध्याकाळी उदबत्ती लागते, वर्षातून एकदा सत्यनारायण होतो तेव्हा अर्धा दिवस काम बंद, प्रसाद मात्र आम्हालाही देतात, नाही म्हणणार नाही. देवावर माझा राग नाही. २०१७ च्या जानेवारीत तुमच्याच सरकारनं परिपत्रक काढलं होतं की सरकारी ऑफिसात देवदेवतांचे फोटो, पूजा नको. ओरड झाली, मागे घेतलं. आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात गाडगेबाबा जन्मले, ज्यांनी देव देवळात नाही म्हणून आयुष्यभर झाडू मारला, त्यांच्या नावानं अमरावतीला विद्यापीठ आहे, आणि सरकारी भिंतीवरून एक फोटो उतरवायची सरकारची हिंमत नाही. त्या भिंतीसमोर माझ्यासारखा माणूस फाईल घेऊन उभा राहतो तेव्हा त्याला काय वाटत असेल याचा विचार कोणी केला? तिथं माझ्या देवाचा फोटो लावा असं म्हणत नाही (आमच्याकडं फोटो नसतोच). तिथं कोणाचाच नको. मशिदीचा भोंगा असो नाही तर ऑफिसची आरती, मला दोन्हीचं सारखंच वाटते, आणि हे बोलतो म्हणून आमच्या जमातीतले दोघं तिघं माझ्यावर नाराज आहेत. त्यांचं तर वेगळंच. यादी आली तेव्हा सगळे म्हणे सब्र करा. विरोधी पक्षाचे नेते म्हणे बघतो. मतदानाच्या आदल्या रात्री मात्र सगळे घर शोधत येतात, तेव्हा कोणाला दाखला लागत नाही.

एका गोष्टीचं कौतुक वाटते, तुमचं सरकार मनात आणलं तर फास्ट आहे. बाहेरच्या कापसावर ११ टक्के आयात शुल्क होतं, ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीनं डिसेंबरअखेरपर्यंत काढून टाकलं, कोणत्या शेतकऱ्याला सुनावणी दिली? २०२५-२६ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० चा जाहीर झाला, आणि व्यापारी ओलावा दाखवून मन मानेल तो भाव देतो. कर्जमाफी निवडणुकीत कबूल केली होती, मग तारीख, मग समिती, मग परत तारीख. १९५३ च्या नागपूर करारामुळं तुम्ही दरवर्षी थंडीत इकडं येता, आठवडाभर गाड्या फिरतात, हुरडा पार्ट्या होतात, आणि आमचा माणूस मोर्चात बॅरिकेडपाशी. कापूसवाला मरतो तेव्हा त्याच्या घरी अधिकारी यायला आठवडे लागतात. म्हातारीचा कागद न्यायला दोन माणसं सकाळी आठला हजर. पेट्रोल कोणाच्या पैशाचं?

तर साहेब, म्हणणं एवढंच. दाखला मी दिला नाही, देणार पण नाही, लेखी आदेश द्या, कारणासहित, आईच्या नावानं, ढिगाऱ्यात नाही. एसडीओसमोर सुनावणी लावा, कागद सगळे आहेत, जीर्ण बुकाचा शेरा पण आहे, साक्षीदार दोघंही जिवंत आहेत, एकाची तब्येत बरी नसते म्हणून लवकर करा. तोपर्यंत श्रावणबाळचा अर्ज नामंजूर न करता पेंडिंग ठेवा. आणि ती यादी ज्यानं फिरवली त्याचं नाव आम्हाला कळू द्या.

तारीख मंगळवारची देऊ नका, त्या दिवशी आमच्याकडं बाजार असतो आणि गाडी भेटत नाही. आईला एसटीच्या पायऱ्या चढता येत नाहीत, स्पेशल ऑटो करावा लागेल, त्याचे येण्याजाण्याचे ८०० रुपये. कापसाचा दुसरा वेचा सुरू आहे, निदान आठ दिवस आधी कळवा.

आपला,
एक कापूस उत्पादक शेतकरी, जि. अकोला