इलेक्ट्रॉनिक म्युझिक हातानं वाजवणाऱ्यांनाही स्टेज द्या

संपादक साहेब, नमस्कार.

गणपती जवळ आले की पेपरात डीजेच्या भिंती, डेसिबल, पोलिसांच्या नोटिसा हे सगळं येतं आणि डिसेंबर लागला की पुरवणीत गोव्याच्या पार्ट्या, कुठला मोठा डीजे येतोय, तिकीट केवढ्याला हे येतं. दोन्ही वाचतो, दोन्ही छापायलाच हवं. पण ड्रम मशीन (ड्रमचे ठोके देणारं यंत्र), सिंथ (विजेवर सूर तयार करणारं वाद्य), सिक्वेन्सर (सुरांचा क्रम लावून तो परत परत वाजवणारं यंत्र) टेबलावर मांडून लोकांसमोर तिथल्या तिथे इलेक्ट्रॉनिक म्युझिक वाजवणारे लोक पण आहेत, पुण्यात आहेत, मुंबईत आहेत, गोव्यात आहेत, आणि त्यांच्याबद्दल एक ओळ कधी वाचल्याचं आठवत नाही. मी स्वतः हेच करतो. माझं म्हणणं एवढंच की हे वादन आहे आणि याला वादनासारखीच वागणूक मिळाली पाहिजे, आयोजकांकडून पण आणि पेपरकडून पण.

आधीच सांगतो, डीजेंना नावं ठेवायला हे पत्र लिहीत नाहीये. चांगला डीजे म्हणजे प्रचंड ऐकलेला माणूस असतो, समोरचा फ्लोअर बघून पुढचं गाणं कुठलं हे ठरवायला अक्कल लागते. गोव्यात ऐंशी-नव्वदच्या दशकात तिथल्या उन्हात आणि धुळीत व्हायनल म्हणजे तबकड्या टिकायच्या नाहीत म्हणून डीजे लोक कॅसेटवर आणि नंतर डॅट म्हणजे छोट्या डिजिटल टेपवर रात्रभर वाजवायचे, टेपचा स्पीड कमीजास्त करून दोन गाणी जुळवायची सोय नाही, तरी माणसं सकाळपर्यंत नाचायची, ते कसब निवडीचं होतं. फक्त डीजे जे गाणं लावतो ते आधी पूर्ण झालेलं असतं. आमच्याकडे संध्याकाळी स्टेजवर चढताना गाणं झालेलंच नसतं, काही पॅटर्न असतात, काही आवाज असतात, बाकी सगळं समोर घडतं.

म्हणजे नक्की काय होतं ते सांगतो कारण बघणाऱ्याला वाटतं हा नुसती बटणं फिरवतोय. ड्रम मशीन मालक असतं, त्यातून मिडीची (एका मशीननं दुसऱ्याला इशारे पाठवायची पद्धत) केबल निघते, पाच पिनांची, आणि दर ठोक्याला 24 टिक पाठवते. मिनिटाला 128 ठोक्यांच्या लयीला सेकंदाला पन्नासच्या वर टिक जातात आणि त्यावर बाकीची सगळी मशीन चालतात. ही मिडी 1983 साली आली आणि आजही तीच केबल चालते, वेगवेगळ्या कंपन्यांनी मिळून केलेलं असं काम फार कमी बघायला मिळतं. तर लय मशीन सांभाळतं हे खरं, पण बाकी सगळं हातावर. रोलंड कंपनीच्या 303 या बेसच्या सिंथचं उदाहरण घ्या, 16 घरांचा पॅटर्न, प्रत्येक घरात एक सूर, त्यावर ऍक्सेंट द्यायचा का, पुढच्या सुरावर स्लाइड करायचा का. स्लाइड म्हणजे सरळ मींड आहे हो, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं. मग कटऑफचा (आवाजातला तीक्ष्णपणा किती बाहेर येऊ द्यायचा तो) नॉब हळूहळू उघडत न्यायचा, रेझोनन्स म्हणजे त्या आवाजाची धार वाढवायची, तेच 16 सूर आधी पाण्याखालून आल्यासारखे ऐकू येतात आणि मिनिटभरात कानाशी किंचाळायला लागतात, सूर एकही बदललेला नसतो. डावा हात तिकडे आणि उजवा हात ड्रम मशीनच्या म्यूटवर (आवाज बंद करायच्या बटणावर), किक म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका काढायचा, चार मात्रा नाही तर आठ मात्रा रिकाम्या ठेवायच्या, आणि नेमका समेवर परत आणायचा. एक मात्रा उशीर झाला तर समोरच्या प्रत्येकाच्या पायाला कळतं. परत तोच नॉब उद्या तसाच फिरणार नाही, म्हणून दोन प्रयोग कधी सारखे होत नाहीत.

हे सगळं परदेशातलं खूळ आहे असं कुणी म्हणालं की मला खरंच राग येतो. चरणजीत सिंग हे मुंबईतले वादक, हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवणारे, त्यांनी 1982 साली रोलंडचं ज्युपिटर-8 सिंथ, 808 ड्रम मशीन आणि हेच 303 घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले आणि एचएमव्हीनं ती रेकॉर्ड काढली. भैरव, तोडी, यमन, मालकंस सगळे आहेत त्यात. शिकागोच्या पोरांनी सेकंडहँड 303 घेऊन ज्या नाचाच्या संगीताला पुढे ऍसिड हाऊस म्हणायला लागले त्याची रेकॉर्ड काढली 1987 ला, म्हणजे पाच वर्षांनी. आपल्याकडे त्या रेकॉर्डकडे कुणी बघितलं नाही, एका डच माणसानं ती शोधून 2010 ला परत काढली तेव्हा जगभर बोलबाला झाला, मग सत्तरी ओलांडलेल्या चरणजीतजींनी युरोपात जाऊन स्टेजवर ती वाजवली पण. 2015 ला मुंबईतच गेले. त्यांच्यावर मराठीत किती लिहून आलं ते तुम्हीच शोधून बघा.

आणि त्यांचं सोडा, आपल्या गल्लीतली बेंजो पार्टी बघा ना. इलेक्ट्रिक बेंजो, कीबोर्ड आणि रोलंडचा ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ड्रम), सगळं टेम्पोवर, जनरेटरवर, दोन-तीन तास सलग. ऑक्टोपॅडवाला काठ्यांनी आठ पॅडवर ढोलकीपासून कच्छीपर्यंत काय काय काढतो, एका हातानं मधेच किट म्हणजे आवाजांचा संच बदलतो आणि ठेका तुटत नाही. ऑर्केस्ट्रात, भजनी मंडळात सगळीकडे ही माणसं आहेत, घराघरात रियाजाला इलेक्ट्रॉनिक तबला आणि तानपुरा लावतात. इलेक्ट्रॉनिक वाद्यं हातानं वाजवायची सवय महाराष्ट्राला कधीचीच आहे, तेव्हा क्लबमध्ये कुणी ड्रम मशीन घेऊन आला की हे काय नवीन असं तोंड करायचं कारण नाही.

आता अडचण कुठे येते ते. आयोजक दोन सीडीजे (डीजेची गाणी लावायची मशीन) आणि एक मिक्सर भाड्यानं आणतो, सगळ्या आर्टिस्टना तेवढं पुरतं, पेन ड्राइव्ह लावा आणि सुरू करा. आम्हाला सहा फुटी टेबल लागतं, दोन एक्स्टेन्शन बोर्ड, चार डीआय बॉक्स (वाद्याचा आवाज साउंड सिस्टिमला नीट जोडणारे डबे) आणि नीट साउंडचेक. एका ठिकाणी (नाव घेत नाही) मला सांगितलं की आधीचा डीजे संपला की दहा मिनिटात लावून घ्या, तेही सीडीजेच्या वर प्लायवूड टाकून. वायरिंग लागेपर्यंत लोक ओरडायला लागले, जनरेटरवरून अर्थिंग धड नव्हतं म्हणून सगळ्या आवाजाखाली घूंऽऽ असा हम येत होता आणि साउंडवाला जेवायला गेलेला. पोस्टरवर मात्र माझ्या आणि डीजेच्या नावापुढे डीजे हा एकच शब्द आणि मानधन माझं कमी, कारण म्हणे तुमचं नाव चालत नाही. अहो, सवाई गंधर्वला तानपुरे लागेपर्यंत हजारो माणसं शांत बसतात की नाही? ऍनालॉग सिंथचंही तेच आहे, गरम झाल्याशिवाय त्याचा सूर स्थिर होत नाही, आणि एसी हॉलमध्ये लावलेला सूर गोव्याच्या उघड्यावर गरम हवेत हलतो, मग वाजवता वाजवता परत लावावा लागतो.

उजेडाचं पण सांगायचं राहिलं. डीजेच्या मागे एलईडीची भिंत पेटवतात आणि टेबलावर अंधार. इंग्लंडचे ऑर्बिटल हे दोघे भाऊ, 1994 ला ग्लास्टनबरीला हजारो लोकांसमोर जुन्या अलेसिस सिक्वेन्सरवर वाजवत होते, त्या सिक्वेन्सरला प्रत्येक ट्रॅकचं वेगळं बटण, कुठला ट्रॅक कधी आत घ्यायचा कधी बाहेर काढायचा ते जागेवर ठरवायचं, आणि अंधारात बटणं दिसावीत म्हणून चष्म्याला टॉर्च लावलेले. ते टॉर्च पुढे त्यांची ओळखच झाली. आमच्याकडे मोबाइल तोंडात धरून केबल शोधायची वेळ येते. बल्गेरियाचा किंक हा वादक तर कंट्रोलर (बटणं-नॉबची पाटी) उचलून समोरच्या लोकांच्या हातात देतो, तुम्हीच वाजवा म्हणतो, आणि लोकांना एका क्षणात समजतं की हा आवाज आत्ता इथे तयार होतोय. डेट्रॉइटचा डीजे जेफ मिल्स टर्नटेबलच्या शेजारी रोलंडचं 909 ड्रम मशीन ठेवून बोटांनी वाजवतो, म्हणजे डीजे आणि वादन एकाच टेबलावर पण राहू शकतं, भांडण लावायची गरजच नाही.

खर्चाचं म्हणाल तर परदेशातून मशीन मागवलं की कस्टम ड्युटी आणि जीएसटी लागून किंमत कुठच्या कुठे जाते हे खरं. तरी कॉर्ग कंपनीची छोटी व्होल्का मशीन सेकंडहँड मिळतात, बुधवार पेठेतून 555 च्या दोन आयसी, थोडे रेझिस्टर आणि पॉट आणून कॉलेजची पोरं आवाज काढणारी डबडी स्वतः सोल्डर करतात, मी बघितलीत, भन्नाट वाजतात. या पोरांना पहिला अर्धा तास स्टेज कोण देणार?

म्हणून आयोजकांना विनंती आहे की संध्याकाळच्या पहिल्या स्लॉटला तरी एक हार्डवेअर सेट म्हणजे मशीनवर हातानं वाजवलेला कार्यक्रम ठेवा. पहिला स्लॉट असला की दुपारीच टेबल लावून साउंडचेक होतो, कुणाचा खोळंबा होत नाही. टेबल लोकांना दिसेल असं थोडं तिरकं आणि खाली ठेवा, वर एक साधा पिवळा दिवा लावा. आणि तुम्हाला विनंती अशी की तबल्याच्या मैफलीला जो समीक्षक पाठवता त्यालाच एकदा अशा सेटला पाठवा, त्याला टेबलाच्या बाजूला उभं करायची जबाबदारी माझी. त्यानं लय, बढत, कुठे कंटाळा आला, कुठे चुकलं ते सगळं स्पष्ट लिहावं, वाईट वाटलं तर वाईट म्हणावं, चालेल आम्हाला.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे