पोतं गेलं, पावती आली

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, की 160 एकर जमीन, कापणीला यंत्र आणि गावाजवळ रेल्वे असूनही सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीचा अमेरिकन शेतकरी कर्जात का बुडाला? हिशेब मांडल्याशिवाय हे कळत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात पोत्यापासून करावी लागेल. रेल्वे येण्याआधी इलिनॉय राज्यातला गहू पोत्यांत भरून बोटीने सेंट लुईसकडे जायचा. विकला जाईपर्यंत पोतं ज्याचं त्याचंच असायचं. भिजलं तर नुकसान त्याचं, दाणा टपोरा निघाला तर भावही त्याचाच. 1848 साली इलिनॉयमधल्याच शिकागोत कालवा, पहिली रेल्वे आणि तारयंत्र एकाच वर्षी आलं, धान्य व्यापाऱ्यांचं मंडळही त्याच वर्षी उभं राहिलं. पोती चढवण्या-उतरवण्यात डबा अडकून पडणं रेल्वेला परवडणारं नव्हतं. मोकळं धान्य हवं होतं.

ती सोय एलिव्हेटरने केली. म्हणजे उंच लाकडी कोठार. गाडीतलं धान्य खालच्या खड्ड्यात ओतायचं. उभ्या फिरणाऱ्या पट्ट्याला लहान लहान डबे बसवलेले असतात, ते धान्य उचलून माथ्यावर नेतात. पट्टा वाफेच्या इंजिनावर चालतो. वर तोलकाटा, तिथून पन्हळीने हव्या त्या कप्प्यात. विकताना कप्प्याचं तोंड उघडलं की धान्य आपल्या वजनानेच रेल्वेच्या डब्यात किंवा जहाजात उतरतं. पहिलं असं वाफेवरचं कोठार जोसेफ डार्टने 1842 साली बफेलोला बांधलं. हमालीचा केवढा खर्च वाचला असेल, हे तुम्हाला सांगायला नको.

पण एका कप्प्यात शंभर जणांचा गहू पडला की कुणाचा कुठला हे सांगता येत नाही. त्यामुळे प्रती ठरवाव्या लागल्या. 1856 पासून शिकागोच्या मंडळाने गव्हाचे वर्ग पाडले, पुढे त्यात क्रमांक एक, दोन, तीन आणि नापास अशा प्रती आल्या. तपासायचं काय? ठरावीक मापात भरणारं वजन, मातेरं, ओलावा, काणी (दाण्यावरची काळी बुरशी) आणि कुबट वास. शेतकऱ्याच्या हातात पोत्याऐवजी पावती आली: अमुक बुशेल, अमुक प्रत. गव्हाचा बुशेल म्हणजे 60 पौंड, साधारण सव्वासत्तावीस किलो. कोठारातला गहू जागचा हलत नव्हता आणि त्याची पावती बाजारात दहा हात फिरत होती. 1865 साली वायद्याचे, म्हणजे पुढच्या तारखेला ठरल्या भावाने माल द्यायच्या सौद्यांचे, नियम ठरले आणि पुढे 5,000 बुशेलचा, म्हणजे सुमारे 1,360 क्विंटलचा, सौदा नेहमीचा झाला.

खरी मेख प्रतीच्या रेषेत आहे. माल क्रमांक एकच्या रेषेखाली केसभर उतरला तरी पैसे क्रमांक दोनचे मिळणार. कोठारवाला तोच माल अतिउत्तम गव्हात मिसळतो, सगळं मिश्रण रेषेच्या जेमतेम वर राहतं आणि क्रमांक एक म्हणून विकलं जातं. यात लबाडीचं वजन नाही, खोटी पावती नाही. मधला फरक मात्र शेतकऱ्याच्या खिशात कधीच पडत नाही, कारण मिसळायला लागणारे कप्पे त्याच्याकडे नाहीत. उघड लबाडीही होतीच. इलिनॉयमधल्या मन आणि स्कॉट या पेढीने साठ्यापेक्षा जास्त धान्याच्या पावत्या काढल्या होत्या आणि 1872 साली व्यापारी मंडळाने त्यांना बाहेर काढलं. साठवणुकीचे दर तर कोठारवाले दरवर्षी आपसांत ठरवून जाहीर करत. 1874 साली शिकागोत अशी चौदा कोठारं होती, ती नऊ पेढ्यांच्या हातात. घासाघीस करायला जागाच नव्हती.

दुसरा चिमटा भाड्याचा. इलिनॉयमधल्या पिओरियाहून न्यूयॉर्कला 26,000 पौंडांचा डबा पाठवायला एका रेल्वेने 39 डॉलर घेतले, आणि त्याच राज्यातल्या गिलमनहून तेवढ्याच वजनाला 65 डॉलर. गिलमन न्यूयॉर्कला 86 मैल जवळ आहे! जिथे दोन-तीन कंपन्यांत चुरस तिथे दर पडायचा, आणि जिथे एकाच कंपनीचा रूळ तिथे ती तूट भरून काढली जायची. हे आकडे 1886 सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातले आहेत.

तिसरी गोष्ट सगळ्यांत जड, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. डॉलर महाग होत गेला. गहू बुशेलला एक डॉलर असताना काढलेलं हजार डॉलरचं कर्ज म्हणजे हजार बुशेल. 1894 च्या सुमारास भाव पन्नास सेंटांच्या आसपास आला, म्हणजे तेच मुद्दल फेडायला दोन हजार बुशेल लागणार. व्याज वेगळंच. भाव उतरला की माणूस तूट भरायला आणखी जमीन नांगरतो, त्याने माल वाढतो आणि भाव आणखी उतरतो. माझ्या मते यंत्राने शेतकऱ्याला बुडवलं नाही. यंत्र त्याने उधारीवर घेतलं, पिकाआधी थोडे पैसे आणि पीक निघाल्यावर बाकी व्याजासकट. फेडीची तारीख मागेपुढे होत नव्हती आणि भाव मात्र खाली खाली चालला होता, त्यात तो सापडला.

कापणीयंत्र बनवणाऱ्यांची गतही वेगळी नव्हती. शिकागोच्या मॅकॉर्मिक कारखान्यात लोखंडाचं ओतकाम करणारे कुशल कामगार संघटित होते. मालकाने हवेच्या दाबावर चालणारी साचे करायची यंत्रं आणली, म्हणजे वर्षानुवर्षं हात बसलेल्या ओताऱ्याच्या जागी साधा मजूर चालेल. 1 मे 1886 ला आठ तासांच्या दिवसासाठी देशभर संप झाले. 3 मे रोजी याच कारखान्याच्या दारात पोलिसांनी गोळीबार केला, 4 मेला हेमार्केट चौकात बॉम्ब फुटला. आपला महाराष्ट्र दिन ज्या तारखेला येतो, तो कामगार दिन इथून निघाला.

आई, तू विचारशील, बायका कुठे होत्या? 1867 साली शेतकऱ्यांची ‘ग्रेंज’ संघटना निघाली, तिथे पहिल्यापासून बायका पूर्ण सभासद होत्या आणि काही पदं त्यांच्यासाठीच राखलेली होती. त्या काळासाठी ही फार मोठी गोष्ट होती. मळणीच्या दिवसांत सगळ्या टोळीचा स्वयंपाक त्यांच्याच माथी असायचा, तो मात्र कुठल्या हिशेबात आला नाही.

शेतकऱ्यांच्या रेट्यातून 1871 साली इलिनॉयने कायदा केला: मोठ्या शहरांतल्या कोठारांनी पहिल्या तीस दिवसांना बुशेलमागे जास्तीत जास्त दोन सेंट घ्यावेत, पुढच्या दर पंधरा दिवसांना अर्धा सेंट. त्याच मन आणि स्कॉट पेढीने कायद्याला आव्हान दिलं आणि 1877 साली ती हरली. लोकांना ज्यावाचून चालत नाही अशा धंद्याचे दर सरकार ठरवू शकतं, असा तो निकाल. बाबा, याच दशकात आपल्याकडे, 12 मे 1875 ला, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले. अमेरिकेच्या यादवीत आपल्या कापसाला चढलेला भाव युद्ध संपताच कोसळला होता. त्या एकाच बाजाराचे हेलकावे दोन्हीकडे बसत होते.

पुढे 1887 साली रेल्वेवर केंद्राचा आयोग आला, पण कमाल दर ठरवायचा अधिकार त्याला 1906 सालीच मिळाला. धान्याच्या प्रती देशभर सारख्या करणारा कायदा 1916 सालचा. म्हणजे पहिल्या प्रतवारीपासून साठ वर्षं गेली.

यंदा सोयाबीन बाजारात घालाल तेव्हा ओलाव्याच्या यंत्राचा आकडा स्वतः बघा. 12 टक्क्यांच्या वर असेल तर दोन दिवस ऊन देऊनच न्या. आणि पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या बिलावर, भरलेलं वजन, कडता (वजनातली कपात) आणि हमाली वेगवेगळं लिहून घ्या. एकत्र रक्कम लिहिलेली पट्टी घेऊ नका.

आई, गुडघ्याचा शेक चुकवू नकोस.

तुमची,
लेक