सायकलवरचा नवा वाटाड्या आणि आपल्या रस्त्यांचा नकाशा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

शहरांतच नव्हे, तर तालुक्याच्या गावांतही हल्ली पहाटे सायकल चालवणारे बरेच दिसतात आणि त्यांपैकी अनेकांच्या हँडलवर काडेपेटीहून थोडा मोठा असा एक पडदा बसवलेला असतो. जीपीएस सायकल कॉम्प्युटर या नावाचे हे यंत्र पाच-सहा हजार रुपयांपासून पन्नास हजारांच्या पुढेपर्यंत मिळते, आणि एवढा खर्च करण्यासारखे त्यात आहे तरी काय, असे सायकल न चालवणारी घरची मंडळी विचारतात. मी नुकतेच मधल्या किमतीचे असे एक यंत्र घेतले असून साताऱ्याच्या आसपासच्या रस्त्यांवर ते वापरून पाहतो आहे. त्याचे सुरुवातीला जाणवलेले गुणदोष आपल्या वाचकांना उपयोगी पडतील, असे वाटल्यावरून हे पत्र लिहीत आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मला जे म्हणायचे आहे ते यंत्रापेक्षा त्याच्या पोटातल्या नकाशाविषयी अधिक आहे, आणि तो नकाशा सुधारणे कंपनीपेक्षा आपल्याच हातात अधिक आहे.

खिशातल्या मोबाइलमध्ये जीपीएस असताना वेगळे यंत्र कशाला, हा आक्षेप सर्वांत आधी येतो आणि तो गैरलागू नाही. गावातल्या गावात दहा-पंधरा किलोमीटर फिरणाऱ्याला मोबाइल पुरतो. मात्र भर उन्हात मोबाइलचा पडदा वाचायचा तर त्याचा उजेड पूर्ण वाढवावा लागतो, मग बॅटरी भराभर उतरते आणि फोन तापतो तो वेगळाच. सायकल कॉम्प्युटरच्या बऱ्याच पडद्यांची रचना याच्या उलट असते. अंगावर पडलेला सूर्यप्रकाशच परतवून ते आकडे दाखवतात, त्यामुळे ऊन जितके कडक तितके आकडे ठळक दिसतात आणि बॅटरीवर त्याचा भार फारसा पडत नाही. बटणांचे यंत्र घेतल्यास पावसात किंवा घामेजल्या बोटांनीही ते चालवता येते. दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेसाठी (ठरावीक मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) साडेतेरा तासांची आणि तीनशेच्या ब्रेव्हेसाठी वीस तासांची मुदत असते. एवढा वेळ रस्त्यावर राहणाऱ्याने वाट दाखवण्याचे काम वेगळ्या यंत्राकडे सोपवून फोन अडीअडचणीसाठी राखून ठेवणे शहाणपणाचे आहे. लांब पल्ल्याच्या स्वारांसाठी माझ्या मते एवढे एक कारण पुरेसे आहे.

अंतर आणि वेग यांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण दुकानात याबद्दल फार मोघम बोलले जाते. पूर्वीच्या साध्या मीटरला चाकाच्या तारेवर एक लोहचुंबक आणि फोर्कवर एक सेन्सर असे. चाकाचा परीघ आपण मिलिमीटरमध्ये भरायचा, उदाहरणार्थ ७०० बाय २८ च्या टायरला २१३६, आणि चाकाच्या फेऱ्या मोजून मीटर अंतर काढायचा. नव्या यंत्राला चाकाशी कर्तव्य नसते. ते अमेरिकेचे जीपीएस, रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ आणि चीनचे बेइदोऊ यांच्या उपग्रहांवरून आपली जागा ठरवते. (आपल्या देशाच्या नाविक या उपग्रहप्रणालीचा संदेश या यंत्रांत अजून सहसा पकडला जात नाही. आधीचे नाविक उपग्रह ज्या लहरींवर संदेश पाठवत, त्या स्वस्त यंत्रांना पकडता येत नसत. सर्वसाधारण यंत्रांना चालणारी एल-१ ही लहर २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहापासून सुरू झाली.) मोकळ्या माळावर ही पद्धत उत्तम चालते आणि जागा काही मीटरांच्या आत अचूक मिळते. घाटात मात्र एका बाजूला कातळाची भिंत आली, की निम्मे आकाश झाकले जाते, संदेश कड्यावर आपटून उशिरा पोहोचतो आणि वळणावर पडद्यावरची रेषा दरीत उतरलेली दिसते. त्यातच यंत्र दर सेकंदाऐवजी सवडीने नोंद घेण्याच्या पद्धतीवर ठेवलेले असेल, तर नागमोडी वळणांचे कोपरे छाटले जाऊन अंतर कमी भरते. ही व्यवस्था बहुतेक यंत्रांत बदलता येते आणि ती पहिल्याच दिवशी बदलावी. घाटात नेहमी जाणाऱ्याने चाकाच्या मध्यभागी, हबवर बसणारा छोटा वेगमापक सेन्सर जोडून घ्यावा, म्हणजे बोगद्यातही अंतर तुटत नाही.

मला सर्वांत रस वाटला तो उंचीच्या आकड्यात. बऱ्यापैकी यंत्रांत उंची उपग्रहांवरून न घेता हवेच्या दाबावरून घेतात. आपल्याकडच्या पठारी उंचीवर साधारण नऊ मीटर चढले, की हवेचा दाब एका हेक्टोपास्कलने उतरतो आणि एवढासा फरक टिपणारा दाबमापक यंत्रात असतो. त्यामुळे यवतेश्वरचा घाट चढताना आकडा ज्या संथपणे आणि बिनचूक वाढत जातो ते पाहून समाधान वाटते. पण दाब केवळ उंचीने बदलत नाही. उष्ण कटिबंधात हवेच्या दाबाला रोजची भरती-ओहोटी असते. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास तो चढलेला आणि पहाटे व दुपारी चारच्या सुमारास उतरलेला असतो, आणि सकाळच्या दहापासून दुपारच्या चारपर्यंत तीन-चार हेक्टोपास्कलचा फरक सहज पडतो. म्हणजे सायकल दारातून हलली नाही, तरी त्या वेळात यंत्राच्या लेखी ती तीसेक मीटर चढलेली असते. सकाळी उशिरा निघून दुपारी परतणाऱ्याला आपलेच घर निघतानाच्या उंचीपेक्षा वर सरकलेले दिसते, त्याचे कारण हे. यंत्र बिघडलेले नसते आणि दुकानदाराशी भांडण्यात अर्थ नसतो. सातारा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७४० मीटरवर आणि कासचे पठार सुमारे १२०० मीटरवर आहे, अशा ज्ञात उंचीच्या ठिकाणी आकडा जुळवून घेण्याची सोय यंत्रात असते, तिचा उपयोग करावा. दाबमापकाचे बारीक छिद्र यंत्राच्या पाठीशी असते. पावसाच्या पाण्याने ते बुजले, तर चढावरही उंची हलेनाशी होते. उष्मांकांच्या आकड्याविषयी न लिहिलेलेच बरे. छातीवरचा हृदयगतीचा पट्टा नसेल, तर तो निव्वळ अंदाज असतो.

पुढचा चढ किती लांब आणि किती तीव्र, हे आधीच सांगण्याची सोय नव्या यंत्रांत असते आणि जाहिरातींत तिचाच गवगवा सर्वाधिक होतो. तिचा उपयोग खरोखरच आहे, कारण चढ आणखी किती शिल्लक आहे हे कळले, की माणूस दम राखून चालवतो. परंतु हा अंदाज दाबमापकावरून येत नाही, तो आधीच तयार असलेल्या उंचीच्या नकाशावरून येतो. अशा नकाशांचा एक मोठा आधार म्हणजे फेब्रुवारी २००० मध्ये 'एंडेव्हर' या अमेरिकी अंतराळयानातून रडारच्या साहाय्याने झालेले पृथ्वीच्या पृष्ठभागाचे मापन. त्यात सुमारे तीस मीटरच्या चौकोनाला एकच उंची दिलेली आहे. सपाट प्रदेशात त्याने काही बिघडत नाही, पण सह्याद्रीत रस्ता कड्याच्या कुशीत कोरलेला असतो आणि दहा-पंधरा मीटर बाजूला सरकले, की उंची दोन मजल्यांनी बदलते. म्हणून वाईहून पाचगणीला जाणाऱ्या पसरणी घाटासारख्या बऱ्यापैकी एकसारख्या चढाच्या रस्त्यावरही यंत्र मध्येच वीस टक्क्यांची भिंत दाखवते आणि लगेच पुढे उतार दाखवते. दोन्ही खोटे. साताऱ्याहून पुण्याकडे जाताना खंबाटकीचा बोगदा लागतो, तिथे तर रस्ता डोंगराखालून जातो हे ध्यानात न घेता आखलेल्या मार्गात वरचा सगळा डोंगर चढाईत जमा होतो. नवख्या स्वाराने घाटातील टक्केवारी पाहून घाबरून परत फिरू नये, एवढ्यासाठी हे लिहिले.

आता मूळ मुद्दा. आजच्या बहुतेक सायकल कॉम्प्युटरमधील नकाशे ओपनस्ट्रीटमॅप या प्रकल्पाच्या माहितीवर बेतलेले असतात. २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात जगभरचे स्वयंसेवक रस्ते, वाटा, ओढे, गावे स्वतः नोंदवतात आणि ती माहिती कोणालाही विनामूल्य वापरता येते. आपल्याकडे शहरांत ही नोंद दाट आहे, महामार्गही ठीक आहेत, पण तालुक्यांच्या आतल्या रस्त्यांची रेषा अनेकदा दूर बसलेल्या कोणीतरी उपग्रहाचे छायाचित्र पाहून ओढलेली असते. छायाचित्रात पांढरी पट्टी दिसते; ती डांबरी आहे, खडीची आहे की शेतात जाणारी बैलगाडीची वाट आहे, हे वरून कळणे कठीण. पृष्ठभागाची नोंद नसेल, तर मार्ग शोधणारे सॉफ्टवेअर बहुधा तो रस्ता चांगलाच धरून चालते. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या बुंध्यापर्यंत गेलेल्या कच्च्या वाटांचे जाळे आहे. त्यांतल्या काही यंत्राला रस्ते वाटतात आणि ठोसेघरहून पुढे जाणाऱ्या सायकलस्वाराला ते आत्मविश्वासाने तिकडे वळवते. पातळ टायरच्या सायकलला ती दगडी वाट म्हणजे पंक्चरचे आमंत्रण. याच्या उलट गेल्या काही वर्षांत झालेले किती तरी चांगले ग्रामीण रस्ते, ज्यांच्या कडेला नारिंगी पट्ट्याचे किलोमीटरचे दगड उभे आहेत, ते नकाशात एक तर नाहीत किंवा पायवाट म्हणून आहेत, आणि म्हणून यंत्र सायकलस्वाराला शांत, सुरक्षित रस्ता सोडून ट्रकांच्या गर्दीच्या महामार्गावर आणते. सायकल कॉम्प्युटरचा माझ्या अनुभवातील सर्वांत गंभीर दोष हाच आहे, आणि जास्त किमतीचे यंत्र घेतल्याने तो जात नाही.

या दोषावर उपाय करता येतो, आणि सरकारी अडथळाही आता पूर्वीइतका नाही. केंद्र सरकारने १५ फेब्रुवारी २०२१ रोजी नकाशांविषयीचे जुने निर्बंध पुष्कळ सैल केले आणि २०२२ मध्ये पंतप्रधान ग्रामसडक योजनेतील रस्त्यांचा भौगोलिक तपशील सर्वांसाठी खुला झाला. पण कागदावरचा रस्ता आज कोणत्या अवस्थेत आहे, हे तो चाकाखाली घेणाऱ्यालाच कळते. सायकल कॉम्प्युटरने साठवलेली आपल्या मार्गाची रेषा ओपनस्ट्रीटमॅपवर चढवता येते आणि तिच्यावरून चुकीच्या जागी पडलेला रस्ता सरळ करता येतो. अँड्रॉइड फोनवर स्ट्रीटकम्प्लीट नावाचे विनामूल्य ॲप आहे. आपण जिथे उभे आहोत तिथल्या रस्त्याचा पृष्ठभाग कसा, दिवे आहेत का, असे साधे प्रश्न ते विचारते आणि उत्तर थेट नकाशात जाते. पिण्याच्या पाण्याचा नळ, सायकल दुरुस्तीचे दुकान, पुलाखाली जाणारा छोटा रस्ता हेही नोंदवता येते. पथ्य एकच, की गूगलच्या नकाशातून पाहून काहीही उतरवू नये, कारण ती माहिती त्यांच्या हक्काची आहे. स्वतः पाहिलेलेच लिहावे. आज केलेली दुरुस्ती यंत्रात लगेच दिसत नाही, कंपनीने नकाशाची पुढची आवृत्ती दिल्यावर दिसते, इतका धीर मात्र धरावा लागतो.

गावांची नावेही याच कामात येतात. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये मराठी नाव नोंदवण्यासाठी स्वतंत्र जागा आहे आणि पुष्कळ वाड्या-वस्त्यांपुढे ती रिकामी आहे. अर्थात नाव भरले, तरी माझ्या यंत्राचा पडदा देवनागरी अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दाखवतो. मी एका मार्गाला मराठीत नाव दिले, तर यादीत चौकोनांची एक ओळच उमटली. मोबाइलमध्ये देवनागरी इतक्या सहज रुळलेली असताना या यंत्रांनी मागे राहावे याला तांत्रिक सबब पुरेशी वाटत नाही. खरेदीच्या वेळी ग्राहकांनी दुकानदाराला हा प्रश्न आवर्जून विचारावा.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. यंत्र प्रत्येक फेरीची नोंद इंटरनेटवर पाठवू पाहते आणि ती नोंद आपल्या दारात सुरू होऊन दारातच संपते. जानेवारी २०१८ मध्ये व्यायामाच्या फेऱ्या नोंदवणाऱ्या स्ट्राव्हा या सेवेच्या, सर्वांच्या फेऱ्या दाखवणाऱ्या एकत्रित नकाशातून परदेशांतील लष्करी तळांची रूपरेषा उघड झाली होती, हे अनेकांना आठवत असेल. घराभोवतीचा टापू लपवण्याची सोय अशा सेवांमध्ये असते. मुलांच्या हाती यंत्र देणाऱ्या पालकांनी ती आधी चालू करून द्यावी.

आपल्या जिल्ह्यातील सायकल गटांना माझी सूचना अशी, की रविवारच्या फेऱ्यांपैकी काही तरी फेऱ्या नकाशासाठी राखून ठेवाव्यात आणि सुरुवात जावळी व पाटण तालुक्यांपासून करावी, कारण आतले रस्ते तिथे पुष्कळ आहेत आणि शहरातले सायकलस्वार तिकडे क्वचित वळतात. रस्त्याची नोंद करताना त्याचा क्रमांक, म्हणजे तो राज्य मार्ग आहे, प्रमुख जिल्हा मार्ग आहे की ग्रामीण मार्ग, हे ठाऊक असले, तर यंत्राला योग्य रस्ता निवडणे सोपे जाते. पण हे क्रमांक सर्वसामान्यांच्या नजरेस फारसे पडत नाहीत. पावसाळ्यात दरड कोसळून घाट बंद झाल्याच्या आणि पुन्हा सुरू झाल्याच्या बातम्या आपण तत्परतेने देता. त्या बातम्यांत घाटाच्या नावाबरोबर रस्त्याचा अधिकृत क्रमांक आणि बंद असलेल्या भागाच्या दोन्ही टोकांची गावे छापावीत, अशी विनंती आहे. तेवढ्या माहितीवर कोणीही स्वयंसेवक घरबसल्या नकाशातील तो तुकडा बंद म्हणून नोंदवू शकेल आणि घाट सुरू झाल्याची बातमी आली, की ती नोंद काढूनही टाकू शकेल.

आपला,
एक सायकलस्वार वाचक,
सातारा