चाळीस ग्रॅमच्या चौकटीत राहून गेलेली ओळ

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

काल धनत्रयोदशीच्या अंकात आखातातून येणाऱ्या प्रवाशांसाठी आपण जी चौकट छापली, तीत स्त्रियांना 40 ग्रॅम आणि पुरुषांना 20 ग्रॅम दागिने शुल्काविना आणता येतात, एवढेच म्हटले आहे. ही माहिती अर्धी आहे, आणि उरलेली अर्धी ठाऊक नसल्यामुळे माझ्या धाकट्या बहिणीला गेल्या मे महिन्यात विमानतळावर पहाटे तीनपासून सातपर्यंत तिष्ठत बसावे लागले, म्हणून हे पत्र.

आज, ऑक्टोबर 2025 मध्ये, लागू असलेल्या 2016 च्या बॅगेज नियमांत, म्हणजे प्रवाशांच्या सामानाच्या नियमांत, वजनाच्या जोडीला किमतीचीही मर्यादा आहे. स्त्रियांसाठी ती एक लाख रुपये, पुरुषांसाठी पन्नास हजार. आणि ही सवलत वर्षाहून अधिक काळ परदेशी राहिलेल्यांनाच मिळते. नियम झाला तेव्हा तोळ्याचा (दहा ग्रॅमचा) भाव तीस हजारांच्या आसपास होता, त्यामुळे लाखात तीन तोळ्यांहून अधिक सोने बसत असे. आज भाव सव्वा लाखाच्या पुढे गेल्यावर त्याच लाखात आठ ग्रॅमही बसत नाहीत.

बहीण नऊ वर्षे मस्कतला परिचारिका आहे. माझ्या मुलाच्या लग्नाला ती आली तेव्हा तिच्या हातात आमच्या आईच्या साडेतीन तोळ्यांच्या पाटल्या होत्या. चाळीस ग्रॅमच्या आत आहोत, या भरवशावर ती ग्रीन चॅनलमधून, म्हणजे शुल्क लागणारे काही नसलेल्यांच्या वाटेने, निघाली आणि तिला अडवण्यात आले. पाटल्या आमच्याच गावच्या सोनाराने घडवलेल्या आणि जाताना तिने इथूनच नेलेल्या, तरी पावती मागितली गेली. तो सोनार वारला, दुकान मोडले. चाळीस वर्षांपूर्वीची पावती आणायची कोठून? आईचा पाटल्या घातलेला फोटो मी घरून मोबाइलवर पाठवला, पण तो कोणी पाहिलासुद्धा नाही. शेवटी आईच्याच दागिन्यावर शुल्क भरून ती बाहेर आली. पैसे गेल्याचे तिला फारसे वाटले नाही. चारचौघांसमोर हातातून पाटल्या उतरवून काट्यावर ठेवाव्या लागल्या, ते तिच्या मनाला लागले.

दागिने देशाबाहेर नेताना कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घेऊन ठेवले, तर परतताना ते दाखवता येते, हे आम्हाला त्यानंतर कळले. नऊ वर्षांत ती कितीतरी वेळा गेली-आली, पण जाताना हे तिला एकदाही कोणी सांगितले नाही.

जुलै 2024 मध्ये सरकारने सोन्यावरील आयातशुल्क 15 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आणले, तेव्हाच या जुन्या मर्यादेचाही विचार व्हायला हवा होता. दिल्ली उच्च न्यायालयानेही यंदा, 2025 मध्ये, हे नियम कालबाह्य झाल्याकडे लक्ष वेधले आहे. किमतीची अट काढून केवळ वजनाची ठेवावी, अशी माझी मागणी आहे.

तोवर आपण एवढे करावे की, किमतीची मर्यादा, वर्षभराच्या वास्तव्याची अट आणि निर्यात प्रमाणपत्राची सोय यांसह ती चौकट पुन्हा छापावी, आणि डिसेंबरच्या सुट्टीवर येणाऱ्यांची तिकिटे निघण्याआधी छापावी.

आपला,
एक नियमित वाचक, चिपळूण
19 ऑक्टोबर 2025