वाहाकाचे रंगीत प्राणी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

मेक्सिकोतील वाहाका राज्याच्या ज्या लाकडी प्राण्यांचे मी इतके कौतुक करतो, त्यांत भडक रंगांपलीकडे काय आहे, असे तू विचारलेस. सान मार्तीन तिल्काहेते या झापोतेक (तिथल्या मूळ रहिवाशांपैकी एक समाज) गावातील हाकोबो आणि मारिया आन्हेलेस या दांपत्याच्या कामापुरते सांगतो.

या प्राण्यांना सर्रास म्हणतात ते ‘आलेब्रिखे’ हे नाव मूळचे मेक्सिको सिटीच्या पेद्रो लिनारेस (१९०६–१९९२) यांच्या कागदी प्राण्यांचे. वाहाकातील लाकडी कामाला वळण लावले ते आरासोला गावच्या मानुएल हिमेनेस यांनी. हे प्राणी कोरतात त्या कोपाल झाडाचे लाकूड तुमच्या सावंतवाडीच्या पांगाऱ्यासारखेच मऊ. ओले असतानाच ते कोयत्याने आणि सुरीने कोरायचे, मग कित्येक महिने वाळू द्यायचे, वाळताना पडलेल्या भेगा बुजवायच्या आणि त्यानंतरच कुंचला हाती घ्यायचा.

खरी मौज रंगांत आहे. निवडुंगावरच्या कोचिनील किड्यांची पूड तळहातावर घेऊन तीवर लिंबू पिळले की ती नारिंगी-लाल होते आणि त्यातच खार मिसळला की पाहता पाहता जांभळी पडते! त्याच जोडीला कोपालच्या सालीची पूड आणि नीळ. अशा रंगांनी प्राण्याच्या अंगावर पायऱ्यापायऱ्यांची, वळसे घेत जाणारी जी नक्षी उतरते, तिचे मूळ वाहाकातल्याच मितला येथील प्राचीन झापोतेक वास्तूंच्या दगडी भिंतींवर आजही दिसते. जग्वारच्या खांद्यावरून पोटाकडे येताना ती स्नायूंच्या उठावाबरोबर अरुंद होत जाते. इतकी बारीक समज ज्या हाताला आहे, त्याला केवळ कारागिराचा हात म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

या गावांत पुरुषांनी कोरायचे आणि बायकांनी रंगवायचे, अशी वाटणी बहुतेक घरांत होती, आणि तरीही कित्येक वर्षे प्राण्यावर सही असे ती घरच्या पुरुषाचीच. ज्या कामामुळे वस्तू ओळखली जाते, ते करणारीचे नाव मात्र कुठेच नाही. आन्हेलेस दांपत्याच्या कामावर दोघांचीही नावे असतात, म्हणूनच मला त्यांच्याविषयी विशेष आदर वाटतो.

तुमच्याकडे चितारआळीत खेळणी आणि गंजिफा (हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते) रंगवणाऱ्या बायकांची नावे कुणी कामावर घालते का, हे विचारून मला अवश्य कळव. कुणी घालत नसेल, तर निदान रंगवणाऱ्या हातांची नावे तूच वहीत टिपून ठेव.

घरी सर्वांना नमस्कार.

तुझा मित्र