पोराला डायटवर टाकायच्या आधी हे वाच

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला. फोनच करणार होतो पण फोनवर तू मधेच तोडतोस, म्हणून लिहितोय, निवांत वाच.

डॉक्टरांनी धाकट्याचं वजन जास्त सांगितलं आणि वहिनींनी दुसऱ्याच दिवशी भात, बटाटा, साखर सगळं बंद केलं. तुझी आई म्हणते खात्यापित्या घरचं पोर आहे, नजर लावू नका. त्यात थोरला त्याला ढोल्या म्हणून चिडवतो. आधी ते चिडवणं बंद कर, कान पिळून बंद कर. चिडवलेलं पोर कमी खात नाही रे, लपून खातं.

आणि स्वतःकडे बघ जरा. हातपाय काड्या, शर्टाचं पोटावरचं बटण मात्र कधी तुटेल सांगता येत नाही, आणि वर म्हणतोस मी कुठे जाडा आहे! पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी हेच दाखवलंय. २००४ मधे लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात त्यांचा आणि जॉन युडकिन या इंग्रज डॉक्टरांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला, दोघांचा बीएमआय (वजन-उंचीवरून काढतात तो आकडा) सारखाच, २२.३, कागदावर दोघंही फिट. पण अंगातली चरबी युडकिनची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२. हे जन्मापासूनचं असतं म्हणे, पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून त्यांनी गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला, तर बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडच्या बाळांपेक्षा पाऊण किलोच्या वर हलकी, स्नायू कमी, पण चरबी जवळपास तेवढीच. म्हणून आपल्याकडे लठ्ठपणा बीएमआय ३० ला नाही, २५ लाच धरतात, आणि कंबर पुरुषांची ९० सेंमी, बायकांची ८० च्या आत हवी. शिंप्याचा टेप घे आणि मोज, श्वास आत ओढायचा नाही!

आता सगळं जन्मावर ढकलून पण चालत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१५-१६ ला जादा वजनाच्या बायका २१ टक्के नि पुरुष १९ टक्के होते, २०१९-२१ ला २४ आणि २३ झाले. त्याच सर्वेत पाच वर्षांखालची ३५ टक्क्यांवर मुलं खुजी निघाली, म्हणजे एकाच देशात दोन्ही टोकं. चार-पाच वर्षांत लोकांची जिभेवरची लगाम अचानक सुटली का? मला नाही पटत. बदललंय ते आजूबाजूचं. धाकट्याच्या शाळेच्या गेटसमोरची टपरी बघ, पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळा बरोब्बर त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर लटकवलेल्या असतात, आजूबाजूला कोल्ड्रिंकचे बोर्ड, घरी टीव्हीवर क्रिकेटर तेच पितोय. ३३० मिलीच्या कोलाच्या कॅनमधे साधारण ३५ ग्रॅम साखर, म्हणजे सात-आठ चमचे, आणि इकडे वहिनी चहातल्या अर्ध्या चमच्यावरून भांडतायत.

नियम आहेत बरं का. एफएसएसएआयचे, म्हणजे खाद्यपदार्थांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचे, २०२० चे आहेत, जास्त मीठ-साखर-फॅटवाले पदार्थ शाळेत आणि गेटपासून ५० मीटरच्या आत विकायचे नाहीत. बघितलंस का कुठे पाळलेलं? आणि सरकारची तऱ्हा बघ, पंतप्रधान मन की बातमधे तेल १० टक्के कमी करा म्हणतात आणि सप्टेंबर २०२५ मधे बिस्किटं, चॉकलेट, नूडल्स, नमकीन सगळं आधीपेक्षा कमी, ५ टक्के जीएसटीत येतं. कोल्ड्रिंकवर ४० ठेवलाय ते बरंय, पण पोरं काय फक्त कोल्ड्रिंकच पितात?

तर धाकट्याचं काय. त्याची उंची अजून वाढायचीये, त्यामुळे बऱ्याचदा वजन आहे तिथे रोखलं तरी चालतं, उंची वाढली की डॉक्टरांच्या वजन-उंचीच्या चार्टवर आपोआप खाली येतं, हे डॉक्टरांना विचारून घे. एकट्याचं वेगळं ताट नको, भाकरी-भाजी-वरण-भात सगळ्यांनी तेच खा, तू पण, ऑफिसातून येताना फरसाण आणायचं नाही. संध्याकाळी क्लास एक कमी कर आणि ग्राउंडवर सोड त्याला. रात्री मोबाईल काढून घे, झोप कमी पडली की भूक वाढतेच.

वहिनींना म्हणावं तो फ्रिजवरचा डायटचा चार्ट काढा आधी. आणि पालक सभेला त्या टपरीचा विषय काढणार असशील तर कळव, ५० मीटरवाल्या नियमाची पीडीएफ पाठवतो, प्रिंट काढूनच जा, नुसतं बोलून मुख्याध्यापक हलायचे नाहीत.

तुझाच,
मी

ता.क. कंबर किती भरली ते खरं सांग.